अँटेना उचलला की इंटरनेट: न्यूयॉर्कमधल्या एका दुरुस्ती कंपनीतला पाम सेव्हन (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात व्यावसायिक शीतयंत्रांची दुरुस्ती करणारी एक घरच्या मालकीची कंपनी होती. रेस्टॉरंट, मासळीची आणि मटणाची दुकाने, फुलवाले, कोपऱ्यावरची छोटी सुपरमार्केट ही तिची गिऱ्हाइके. माणूस आत उभा राहू शकेल एवढी शीतपेटी, म्हणजे वॉक-इन कूलर, बंद पडली की दुकानदाराचा दिवसाचा माल धोक्यात येतो, त्यामुळे या धंद्यात वेळेला फार किंमत असते. कंपनीचे आणि माणसांचे नाव इथे देत नाही. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशीलही वगळले आहेत.

मी तेव्हा न्यू जर्सीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत होतो. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० लागताना संगणकांतल्या तारखा चुकतील या भीतीने निघालेल्या दुरुस्तीकामांच्या, लाटेत पुण्याहून तिकडे गेलेल्या मंडळींपैकी एक. आमची एक तुकडी पुण्यातच बसून काम करायची. या दुरुस्ती कंपनीच्या हिशेबाच्या प्रणालीतले वायटूकेचे दुरुस्तीकाम आमच्याकडे होते, आणि त्याच ओळखीतून पुढचे प्रकरण घडले.

१९९९ चा जुलै न्यूयॉर्ककरांच्या चांगलाच लक्षात राहिला. पारा १०० फॅरनहाइटच्या वर गेला आणि ६ जुलैला उत्तर मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातली वीज गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत आली नाही. वीज परतल्यावर शीतयंत्रे एकदम सुरू झाली, आणि आधीच थकलेले कितीतरी कॉम्प्रेसर उठलेच नाहीत. कंपनीचे फोन सतत वाजत होते. मेकॅनिक रस्त्यावर, कचेरीत कामे वाटून देणारी एकटी डिस्पॅचर, आणि तिच्यापुढे पिवळ्या चिठ्ठ्यांचा ढीग. एकाच दुकानात दोन मेकॅनिक पोचले आणि दुसऱ्या दुकानात कोणीच नाही, असे त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा झाले.

मालकाने आम्हाला बोलावले ते हा गोंधळ पुढच्या उन्हाळ्याआधी मिटवायचा म्हणून. त्याच्या हातात एक नवे यंत्र होते.

यंत्र

ते यंत्र म्हणजे पाम सेव्हन. पाम ही तेव्हा थ्रीकॉम कंपनीचा भाग होती. तिची खिशात मावणारी ऑर्गनायझर १९९६ पासून अमेरिकेतल्या नोकरदारांच्या हातात दिसू लागली होती: पत्ते, भेटीच्या वेळा, कामांच्या याद्या. पाम सेव्हनने त्यात बिनतारी इंटरनेट घातले. मे १९९९ मध्ये ते फक्त न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागात विक्रीला आले, आणि देशभर ऑक्टोबरमध्ये. सुरुवातीची किंमत ५९९ डॉलर होती.

आजच्या वाचकाला हे यंत्र डोळ्यापुढे आणायचे तर थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्या रचनेतूनच आले. पडदा करड्या रंगाचा, १६० बाय १६० ठिपक्यांचा. स्मृती २ मेगाबाइट. दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारे. उजव्या अंगाला एक जाडसर अँटेना मिटून बसवलेला असे. तो उभा केला की यंत्र आपोआप सुरू व्हायचे आणि इंटरनेटची पाने समोर यायची. अँटेना खाली असला की रेडिओ बंद. रेडिओला प्रक्षेपणासाठी एकदम जास्त ताकद लागते, ती पेन्सिल सेलना झेपत नाही. म्हणून आत निकेल-कॅडमियमची एक छोटी बॅटरी होती, आणि ते दोन सेल सावकाश तिला भरत राहायचे. लागोपाठ बरेच संदेश पाठवले तर ही आतली बॅटरी उतरायची आणि ती पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागायचे.

जाळे मोबिटेक्स जातीचे. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेले हे फक्त डेटासाठीचे जाळे, अमेरिकेत ते बेलसाउथ वायरलेस डेटा चालवत असे. वेग सेकंदाला ८ किलोबिट, तोही सगळ्यांत वाटून घ्यायचा. माहिती तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे पाकिटांनी, जायची; एका पाकिटात जास्तीत जास्त ५१२ बाइट.

एवढ्या अरुंद वाटेवरून नेहमीची वेबपाने नेणे शक्यच नव्हते. पामच्या अभियंत्यांनी यावर जो तोडगा काढला तो मला आजही अतिशय हुशारीचा वाटतो. त्याला ते वेब क्लिपिंग म्हणत. पानाचा न बदलणारा भाग, म्हणजे फॉर्म, चित्रे, मेन्यू, हा आधीच यंत्रात भरून ठेवायचा. हवेतून जाईल तो फक्त प्रश्न आणि येईल ते फक्त उत्तर. मध्ये पामचा प्रॉक्सी सर्व्हर बसलेला. तो इंटरनेटवरून नेहमीचे पान आणायचा, त्यातले अनावश्यक काढायचा, उरलेले दाबून लहान करायचा आणि यंत्राकडे धाडायचा. ज्या दुव्यावर टिचकी मारली की रेडिओ वापरला जाणार, त्याच्या शेजारी लहरींचे एक छोटे चिन्ह दिसे, म्हणजे आता पैसे पडणार हे माणसाला आधीच कळे.

पैशाचा प्रश्न खराच होता. सुरुवातीच्या दरांत महिना ९.९९ डॉलरला ५० केबी (किलोबाइट) मिळत, २४.९९ ला १५० केबी, आणि त्यावरच्या प्रत्येक केबीला ३० सेंट. आज एका साध्या फोटोला याहून कितीतरी जास्त लागतात.

अडचण

मालकाची मागणी एका वाक्यात मावणारी होती: मेकॅनिकला काम रस्त्यावरच कळावे, आणि काम झाल्याचे कचेरीला तिथूनच कळावे. त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. सगळ्यांना पेजर दिलेले होते, त्यांचे महिन्याचे भाडे वाचवायचे. नवे यंत्र आले की पेजर परत.

आम्ही दोन-तीन दिवस डिस्पॅचरच्या शेजारी बसलो तेव्हा अडचण जरा वेगळी दिसली. पेजरवर फक्त फोन नंबर यायचा. मेकॅनिक रस्त्यावरचा सार्वजनिक फोन किंवा गिऱ्हाइकाचा फोन शोधून कचेरीला लावायचा, लाइन व्यस्त असायची, मग पुन्हा लावायचा. डिस्पॅचर पत्ता, तक्रार, यंत्राचा प्रकार, शेवटची दुरुस्ती कधी झाली हे सगळे तोंडी सांगायची आणि तो ते हातावर किंवा बिलाच्या मागे लिहून घ्यायचा. म्हणजे माणसाला हाक मारण्याचे काम पेजर चोख करत होता, खोळंबा व्हायचा तो हाकेनंतरच्या माहितीत.

दुसरी अडचण कागदांची. शीतयंत्रात थंडावा आणणारा रेफ्रिजरंट वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने अमेरिकेच्या कायद्यानुसार तो हाताळणाऱ्या मेकॅनिककडे प्रमाणपत्र लागते, आणि मोठ्या यंत्रांत किती गॅस भरला याची नोंद ठेवावी लागते. या नोंदी आठवड्याच्या शेवटी, पगाराचा चेक घ्यायला आल्यावर, आठवून आठवून लिहिल्या जात. बिलेही तशीच उशिरा निघत.

कोणते पर्याय होते

पाम सेव्हन मालकाने आधीच मनात पक्के केले होते, तरी आम्ही बाकीच्या वाटा त्याच्यापुढे ठेवल्या.

पेजर ठेवायचे आणि सगळ्यांना सेलफोन द्यायचे, हा सगळ्यांत सोपा. नेक्सटेलचे बटण दाबून बोलायचे फोन तेव्हा बांधकाम आणि दुरुस्तीच्या धंद्यात जोरात होते. पण त्याने डिस्पॅचरचे बोलणे कमी झाले नसते, उलट वाढले असते, आणि नोंदींचा प्रश्न तसाच राहिला असता.

गाडीत लॅपटॉप आणि सेल्युलर मोडेम हा पर्याय महाग होता, शिवाय मेकॅनिक त्यावर किती वेळ बसणार? तो मालकानेच निकालात काढला.

खरी तुलना होती ती कॅनडाच्या रिम कंपनीच्या दुतर्फी पेजरशी. पुढे ज्याला जग ब्लॅकबेरी म्हणून ओळखू लागले त्याचाच हा आरंभ. रिम ९५० हे पाम सेव्हनच्याच जाळ्यावर चालायचे, पण त्याचा रेडिओ सतत जागा असायचा. मोबिटेक्समध्ये बॅटरी वाचवण्याची एक सोय होती: जाळे ठरावीक अंतराने ‘कोणासाठी काय आले आहे’ ते सांगते, यंत्र तेवढ्यापुरते डोळे उघडते आणि पुन्हा झोपते. रिमने तिचा पुरेपूर उपयोग केला होता. संदेश आला की यंत्र स्वतःहून वाजे. मात्र पडदा काही ओळींचाच, आणि त्या काळात त्यावर आपले फॉर्म, सुट्या भागांच्या याद्या बसवणे आमच्यासारख्या छोट्या कंपनीला सोपे नव्हते. पामवर ते साध्या एचटीएमएलमध्ये होत होते. ज्याला वेबपान लिहिता येते त्याला पाम सेव्हनवरचा अनुप्रयोग लिहिता येत होता, आणि हे आकर्षण मोठे होते.

शेवटी पाम सेव्हन ठरले. आमच्या गरजेतला माहितीचा भाग पाहता ही निवड योग्य होती असे माझे मत आहे. पण त्याच बैठकीत पेजर काढायचेही ठरले. हे दोन वेगळे निर्णय होते, ते एकत्र घेतले गेले, आणि पुढची बरीचशी कथा त्यातूनच घडली.

बाइटचा हिशेब

कामाला सुरुवात झाली ती कागद-पेन्सिलने. एक मेकॅनिक दिवसाला साधारण सहा कामे करतो असे धरले. एका कामाचे कार्ड आणायला ३५० बाइट आणि काम संपल्याचा फॉर्म पाठवायला १५०, म्हणजे कामामागे ५००. दिवसाला ३,०००, महिन्याच्या २२ दिवसांना ६६,०००, म्हणजे ६५ केबीच्या आतबाहेर. ५० केबीच्या योजनेत वरच्या पंधराएक केबीचे साडेचार डॉलर धरले तरी महिना साडेचौदा डॉलरांत भागत होते. १०० केबीपर्यंत छोटी योजनाच स्वस्त पडते हे गणित मालकाला दाखवले तेव्हा त्याने पहिल्यांदा कागद स्वतःकडे ओढून घेतला. तो धंद्याचा माणूस, त्याला हे लगेच कळले.

पण हे गणित तेव्हाच खरे होणार होते, जेव्हा एक कार्ड खरोखर ३५० बाइटांत बसेल. त्यासाठी जी कसरत झाली ती या प्रकरणातला सगळ्यात समाधानाचा भाग. गिऱ्हाइकांची यादी, पत्ते, यंत्रांचे प्रकार, सुट्या भागांचे क्रमांक, हे सगळे यंत्रात आधीच भरले. हवेतून यायचा तो गिऱ्हाइकाचा क्रमांक, तक्रारीची एक ओळ, तापमान, आणि मागच्या दोन भेटींचा गोषवारा. ‘वॉक-इन, ४८ डिग्री फॅरनहाइट, कॉम्प्रेसर उठत नाही, मागे कपॅसिटर बदलला’ एवढे वाचून जाणता मेकॅनिक गाडीतून कोणती पेटी उचलायची ते ठरवतो. त्याला याहून जास्त नकोच असते.

सर्व्हरवरचे काम पुण्यात झाले, पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. पाम सेव्हन भारतात चालण्याचा प्रश्नच नव्हता, जाळेच नव्हते. पण पामने संगणकावर चालणारा एम्युलेटर, म्हणजे यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, दिला होता. तो इंटरनेटवरून थेट पामच्या प्रॉक्सीशी बोलायचा. त्यामुळे पुण्यातली आमची सहकारी, जिने हे यंत्र कधी हातातही घेतले नव्हते, सबंध अनुप्रयोग लिहून चालवून बघत होती. तिच्या संध्याकाळी आणि माझ्या सकाळी आमचे बोलणे व्हायचे. “अरे, तुझ्या मेकॅनिककाकांना एवढे टंकायला लावू नकोस,” असे तिनेच पहिल्यांदा सुचवले, आणि आम्ही लिहिण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा काढून तिथे निवडीच्या याद्या टाकल्या. पडद्यावर काडीने अक्षरे गिरवायची पामची ग्राफिटी लिपी शिकायला सोपी असली तरी तेलकट बोटांनी बारीक काडी धरून कोण लिहिणार? गॅस किती पौंड भरला, कोणता, गळती सापडली का, भाग बदलला का: सगळे टिचकीवर.

या फॉर्ममध्ये एका गोष्टीवर वाद झाला. बऱ्याच दुकानांच्या तळघराच्या दारांचे आणि अलार्मचे आकडी कोड डिस्पॅचरच्या वहीत होते. ते कार्डावर यावेत असे तिचे म्हणणे, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पाम सेव्हनचा संदेश यंत्रापासून प्रॉक्सीपर्यंत कूटबद्ध जायचा, आणि प्रॉक्सीपासून आमच्या सर्व्हरपर्यंतही जाऊ शकत होता. पण प्रॉक्सीमध्ये क्षणभर तो उघडा व्हायचा, आणि ती जागा आमच्या ताब्यातली नव्हती. शिवाय यंत्र हरवले तर? आम्ही कोड न पाठवण्याचे ठरवले. ते फोनवरच सांगायचे. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक सर्व्हरला मिळायचा, पण निव्वळ त्यावर विसंबलो नाही, चार आकडी पिनही ठेवला. गैरसोय झाली खरी, पण ती पत्करण्यासारखी होती.

पहिली फेरी

ऑक्टोबरमध्ये निवडक मेकॅनिकांना यंत्रे दिली. त्यांच्याबरोबर गाडीतून फिरलो तेव्हा टेबलावर न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या.

एम्युलेटरवर उत्तर लगेच यायचे. रस्त्यावर अँटेना उचलल्यापासून कार्ड दिसेपर्यंत दहा-पंधरा सेकंद सहज जायचे, कधी त्याहून जास्त. तळघरात तर काहीच यायचे नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या रेस्टॉरंटांचे वॉक-इन तळघरात असतात, आणि वॉक-इन म्हणजे चारी बाजूंनी धातूचा पत्रा. रेडिओलहर आत शिरायला फटच नाही. फ्रीझरमध्ये तर पडद्यावरची अक्षरे थंडीने सुस्तावायची. बदलणाऱ्या पानाची जुनी छाया थोडा वेळ तशीच रेंगाळायची आणि सेलही लवकर मान टाकायचे.

इथे यंत्रातल्या एका छोट्या सोयीने आम्हाला तारले. एकदा आणलेले उत्तर पाम सेव्हन साठवून ठेवायचे, आणि वरच्या कोपऱ्यातल्या यादीतून ते रेडिओशिवाय पुन्हा उघडता यायचे. मग आम्ही रिवाजच घालून दिला: फुटपाथवर उभे राहून कार्ड आणा, तळघरात जाऊन वाचा, काम झाले की पुन्हा फुटपाथवर येऊन फॉर्म पाठवा. मेकॅनिक तसेही सिगारेट ओढायला वर येतच. पुण्यातल्या सहकारीने प्रत्येक कार्डाला गिऱ्हाइकाच्या नावाचे आणि वेळेचे शीर्षक दिले, म्हणजे यादीत नेमके कार्ड चटकन सापडे.

गिऱ्हाइकांची यादी बदलली की अनुप्रयोग नव्याने बांधून यंत्रात भरावा लागायचा. ते शुक्रवारी, चेक घ्यायला आल्यावर. आम्ही सगळी यंत्रे एकेक करून संगणकाला लावायचे ठरवले होते, पण पामला इन्फ्रारेडची खिडकी असते हे मेकॅनिकांनी आमच्याआधी हेरले. एकाने भरून घेतले की बाकीचे कॉफी पिता पिता यंत्रे समोरासमोर धरून एकमेकांना देत. आम्हाला फक्त तारीख पडद्यावर ठळक दाखवावी लागली, म्हणजे कोणाकडे जुनी यादी राहिली ते कळावे.

हे सगळे सुरळीत बसत चालले होते, आणि ज्यांना यंत्रे दिली त्यांचे पेजर काढून घेतलेले होते.

निर्णयाची वेळ

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी संध्याकाळी एका मासळीवाल्याचा फोन आला. डिस्पॅचरने काम प्रणालीत नोंदवले, पाळीवरच्या मेकॅनिकच्या नावावर टाकले आणि ती घरी गेली. मेकॅनिकचे यंत्र गाडीच्या खणात, अँटेना मिटलेला. त्याने आधीच्या कामानंतर एकदा बघितले होते, तेव्हा काही नव्हते. नंतर रात्री झोपण्यापूर्वी बघितले. दुकानदाराचा बराच माल गेला आणि कंपनीने तो भरून दिला.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मालकाचा पहिला प्रश्न होता: त्याने अँटेना का उचलला नाही? मेकॅनिकांमधला सर्वात थोरला, तीसएक वर्षे या धंद्यात काढलेला, शांतपणे म्हणाला, “पेजर असता तर तो वाजला असता. हे यंत्र मी विचारल्याशिवाय बोलत नाही. मी किती वेळा विचारायचे?”

नेमके हेच होते. पाम सेव्हन हे विचारणाऱ्याचे यंत्र होते. शेअरचा भाव, विमानाची वेळ, जवळचे एटीएम, असे माणसाच्या मनात आलेले प्रश्न ते उत्तम सोडवायचे. पण काम अंगावर येऊन पडते अशा धंद्यात पहिला शब्द कचेरीचा असतो. जाळे त्या यंत्रासाठी संदेश धरून ठेवू शकत होते, पण रेडिओच बंद असलेल्या यंत्राला ते हाक मारणार कशी? दोन पेन्सिल सेलवर आठवडे चालणारे ऑर्गनायझर हवे असेल तर रेडिओ बंद ठेवण्याला पर्याय नव्हता. पामने ही निवड विचारपूर्वक केली होती. ती आमच्या गरजेच्या एका भागाशी जुळत नव्हती, इतकेच.

तीन मार्ग समोर आले. दर अर्ध्या तासाला अँटेना उचलण्याची सक्ती करायची: त्याने बाइट वाढले असते, आतली बॅटरी उतरली असती, आणि माणसे विसरली असतीच. सगळी यंत्रे परत करून रिमकडे जायचे: केलेले सगळे काम पाण्यात. किंवा पेजर परत आणायचे.

मालकाला तिसरा मार्ग मागे फिरल्यासारखा वाटत होता. दोन-दोन डबे कमरेला कशाला, असा त्याचा सवाल. डिस्पॅचरने तो सोडवला. पेजरवर फोन नंबर न पाठवता ती कामाचा क्रमांक पाठवणार, आणि तातडीचे असेल तर शेवटी ९११, हा अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर. पेजर वाजला की मेकॅनिक अँटेना उचलणार आणि तोच क्रमांक टाकून कार्ड आणणार. कोणीही कोणाला फोन लावायचा नाही. पेजरचे भाडे महिन्याला फार नव्हते, आणि मासळीवाल्याला दिलेल्या पैशात कित्येक महिन्यांचे भाडे निघाले असते. मालक राजी झाला.

याच फेरीत आम्ही आणखी एक भर घातली. मेकॅनिकने कार्ड उघडले की ती वेळ डिस्पॅचरच्या पडद्यावर उमटायची. काम नोंदवून वीस मिनिटांत कार्ड उघडले गेले नाही तर ती ओळ लाल व्हायची.

निष्पत्ती

२००० च्या उन्हाळ्यापर्यंत सगळे मेकॅनिक या पद्धतीवर आले. एका दुकानात दोघे पोचण्याचे प्रकार जवळपास थांबले, कारण कार्ड एकाने उघडले की ते दुसऱ्याला ‘घेतलेले’ दिसायचे. कचेरीच्या फोनवर गिऱ्हाइकांना लाइन मिळू लागली. गॅसच्या नोंदी त्याच दिवशी येऊ लागल्या आणि बिले दुसऱ्या दिवशी जाऊ लागली. मालकाच्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हाच, कारण पैसे लवकर हातात येऊ लागले. डेटाचा खर्च आमच्या अंदाजाजवळच राहिला. त्याच वर्षी पामने ४४.९९ डॉलरची अमर्याद योजनाही आणली, पण इथे कोणालाच तिची गरज पडली नाही, याचा मला अभिमान वाटतो.

११ सप्टेंबर २००१ ला शहरातले फोन कोलमडले. सेलफोनवर कोणाचाच कोणाशी संपर्क होईना. मोबिटेक्स त्या दिवशी चालत राहिले. लोअर मॅनहॅटनमधल्या ब्लॅकबेरीवाल्यांनी त्यावरूनच घरी निरोप धाडले, हे पुढे सर्वांना ठाऊक झाले. या कंपनीचे काही मेकॅनिक सकाळीच मॅनहॅटनमध्ये गेलेले होते. डिस्पॅचर पडद्यासमोर बसून एकेकाच्या फॉर्मची वाट बघत होती. त्यांनी कामाच्या फॉर्मवरच ‘ठीक आहे’ या अर्थाने पहिला पर्याय निवडून धाडला. दुपारपर्यंत सगळ्यांचे आले.

जानेवारी २००२ मध्ये पामने आय७०५ आणले, त्याचा रेडिओ सतत चालू राहायचा. दोन वर्षे आधी ते आम्हाला हवेच होते. पण तोवर मेकॅनिकांना बोलणे आणि डेटा एकाच यंत्रात पाहिजे होते, आणि कंपनी हळूहळू फोनकडे वळली. पामची बिनतारी सेवा २००४ मध्ये बंद झाली. त्याच्या बरेच आधी शेवटचे पाम सेव्हन या कंपनीच्या कपाटात गेले होते. सर्व्हरवरची कामाची कार्डे मात्र फोनवरही तशीच चालू राहिली. ३५० बाइटांत बसवलेले कार्ड कुठल्याही छोट्या पडद्यावर बसते.

वेगळे काय करता आले असते

यंत्राची निवड आणि जुनी सोय काढून टाकणे हे दोन प्रश्न वेगवेगळ्या दिवशी चर्चेला घ्यायला हवे होते. पेजर काय करतो आणि पाम काय करतो याची दोन रकान्यांची यादी पहिल्याच बैठकीत फळ्यावर असती, तर ‘आधी कोण बोलणार’ हा प्रश्न थोरल्या मेकॅनिकने विचारण्याची वेळ आली नसती. अशा कुठल्याही प्रकल्पात, आजच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्येही, हा प्रश्न सर्वात आधी विचारावा असे माझे ठाम मत झाले आहे.

एम्युलेटरवरचे काम उत्तम झाले, पण त्याचा वेग फसवा होता. सर्व्हरवर मुद्दाम पंधरा सेकंदांचा विलंब टाकून पुण्यात चाचणी घेतली असती तर पानांची संख्या आधीच कमी झाली असती. पहिल्या आवृत्तीत फॉर्म तीन टप्प्यांचा होता, दुसऱ्यात एकच पान राहिले. आणि मेकॅनिकबरोबरची गाडीतली फेरी ऑक्टोबरऐवजी ऑगस्टमध्ये, एक ओळही लिहिण्याआधी, व्हायला हवी होती. तळघराचा जिना एकदा उतरला असता तरी अर्धी रचना ठरली असती.

दारांचे कोड न पाठवण्याच्या निर्णयावर मी आजही ठाम आहे. डिस्पॅचर शेवटपर्यंत नाराज होती, तरीही.

कार्ड उघडल्याची वेळ दाखवणारी लाल ओळ मात्र पहिल्याच दिवशी असायला हवी होती. ती बनवायला पुण्यात एक दुपार लागली. ती असती, आणि डिस्पॅचर घरी गेल्यावर तो पडदा बघायला कोणी असते, तर पेजर नसतानाही त्या शनिवारी वीस मिनिटांत कोणीतरी मेकॅनिकच्या घरी फोन लावला असता.